आडवं चुंबक

४ फेब्रुवारी

ती. वहिनी,

मोठ्यांना लिहिताना आधी साष्टांग नमस्कार घालायचा असतो. पण मी सकाळपासून टेबलाभोवती नाचतेय, तेव्हा साष्टांग काही जमणार नाही. उभ्याउभ्याच घे.

दादाचा फोन आला, "अगं, हिच्या त्या पट्टीत काहीतरी उडालं." मी घाबरून विचारलं, काय उडालं? म्हणाला, "तिलाच विचार, ती हसतेही आहे आणि रडतेही आहे." मग फोन तुझ्या हातात आला, तू सिग्नल दिसल्याचं कसंबसं सांगितलंस आणि आपण दोघी नेहमीसारख्या "कशी आहेस", "बरी आहे" म्हणून गप्प! तुमचं लग्न झालं आणि आठवड्याभरात मी नोकरीसाठी इकडे आले. आपली खरी ओळख पत्रांतच झाली. फोनवर कायम मध्ये दादा उभा असतो.

आता एक काम कर. एप्रिलच्या अखेरीला माझी कायम जागेची मुलाखत आहे आणि समितीतल्या दोघांचा भौतिकशास्त्राशी संबंध नाही. त्यांना सांगायचं ते साध्या भाषेत लिहून बघतेय. तू परीक्षक हो.

इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो, तसा स्पिनही असतो. स्पिन म्हणजे त्याच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व. त्याचं टोक वर तरी असतं नाहीतर खाली. आजची यंत्रं इलेक्ट्रॉन नुसते धाडतात आणि मोजतात, टोक कुठे आहे ते कुणी विचारत नाही. ते विचारता आलं, तर त्याच इलेक्ट्रॉनकडून आणखी एक निरोप नेता येईल. अडचण अशी, की अर्धवाहकातून जाताना इलेक्ट्रॉन धक्के खातो आणि दर धक्क्याला त्याचं टोक थोडं भरकटतं. थोडं अंतर गेला, की निरोप विसरला. माझी आकडेमोड सांगते, की अर्धवाहकाची पट्टी पुरेशी अरुंद केली तर भरकटायला वावच राहत नाही. अरुंद बोळात माणूस फार वळू शकत नाही, तसं.

एवढंच माझं म्हणणं. चार वर्षं लोक ऐकून घेतात आणि विचारतात, "छान, पण कुणी पाहिलंय का?" आता मी मान वर करून सांगणार, माझ्या वहिनीने पाहिलंय!

सगळं सविस्तर लिही. आईला सांगितलंस का?

तुझी,
ठकी


१६ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

परीक्षकाचा शेरा: बोळ ठेव, "निरोप विसरला" काढ. समितीतला कुणीतरी नक्की विचारेल, इलेक्ट्रॉनला आठवण असते का.

आता माझी बाजू. केसाच्या जाडीत हजार बसतील एवढी एकेक पट्टी. ती कोरायची त्या खोलीत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा आणि तोंडाला मुसकं. आम्ही एकमेकींना चालीवरून ओळखतो. पट्टीवर आडव्या दोन बारीक चुंबकाच्या रेघा. पहिली रेघ इलेक्ट्रॉनांची टोकं एका बाजूला करून त्यांना आत सोडते, दुसरी पुढे उभी राहून टोकं तपासते. दोन्ही चुंबकं एका दिशेला असतील तर व्होल्टेज एक, उलटसुलट असतील तर दुसरं. म्हणजे एखादं चुंबक उलटलं, की व्होल्टेजने उडी मारायला हवी. हे सगळं हेलियमच्या थंडीत, नाहीतर उष्णतेच्या गलबल्यात काही ऐकूच येत नाही. किती पट्ट्या वाया गेल्या ते विचारू नकोस.

त्या दुपारी मी जेवायचा डबा उघडून पडद्यासमोर बसले होते. रेघ सरळ, सरळ, सरळ, आणि एकदम पायरी. मी डब्याचं झाकण परत लावून टाकलं. का, ते देव जाणे.

आईंना स्पिन म्हणजे गिरकी असं समजावून सांगितलं, तर त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं. "लेकीने सांगितलं आणि सुनेने शोधलं." खालच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "काय शोधलं?" आई म्हणाल्या, "भोवरा. पण इतका बारीक, की दिसत नाही." "मग शोधला कसा?" तर म्हणे, "दिसला असता तर शोध कशाला म्हणाले असते?" मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. दुरुस्त करायची हिंमत झाली नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या सरांची शोधनिबंध लगेच छापायला पाठवायची घाई आहे. एक चाचणी राहिली आहे, तुला ठाऊकच आहे, पण तुझ्या समितीसाठी साधे शब्द देते. टोकांच्या दिशेला आडवं असं दुसरं चुंबकीय क्षेत्र लावायचं. मग वाटेतली टोकं गरगरू लागतात, कुणाचं इकडे, कुणाचं तिकडे, आणि पोचेपर्यंत एकमेकांना खोडून काढतात. सिग्नल विझतो. विझला, तर तो स्पिनचा. नाही विझला, तर दुसरंच काहीतरी. सर म्हणतात, ते नंतर करू. मला वाटतं, आधी करावं.

तुझा दादा विचारतोय, या शोधाने त्याची दात घासायची भिंगरी जोरात फिरेल का. त्याला काय उत्तर देऊ ते कळव.

तुझी,
वहिनी


२७ फेब्रुवारी

ती. वहिनी,

दाताच्या डॉक्टरांना सांग, तोंड उघडं ठेवायचा हक्क फक्त पेशंटला असतो.

तुझी पायरी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागली आहे. विभागप्रमुखबाईंनाही दाखवली. त्या हसणाऱ्यातल्या नाहीत. पण परवा त्यांनी चष्मा काढला, आकृती जवळ धरली आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, "मुलाखतीत बोलायच्या आधी हे दाखवा. मग बोललं नाही तरी चालेल."

आडव्या क्षेत्राची चाचणी लवकर कर ना. मी पेन्सिलीने काढून ठेवलंय काय दिसेल ते: मधोमध टेकडी आणि दोन्ही बाजूंनी उतरत जमिनीला टेकलेली. सोबत पाठवतेय. त्यावर तुझे ठिपके बसवून पाठव. पायरी आणि टेकडी दोन्ही हातात असली, तर मला कोण अडवतो बघू!

घाईत,
ठकी


२२ मार्च

प्रिय ठकू,

उत्तराला उशीर झाला. हेलियमचा पंप बिघडलाय, त्यामुळे चाचणी राहिली आहे.

आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता त्यांना कोपऱ्यांतली धूळ दिसू लागली आहे, त्यामुळे घरात कुणाची धडगत नाही.

बाकी सर्व ठीक. मुलाखतीची तयारी नीट कर. वेळेवर जेवत जा.

वहिनी


१ एप्रिल

ती. वहिनी,

तारीख बघून हसू नकोस. गंभीर पत्र आहे.

तुझ्या पत्रात दादा नाही. एकदाही नाही. आणि "बाकी सर्व ठीक" हे वाक्य तू मला आजवर कधी लिहिलेलं नाहीस. ज्या घरात सर्व ठीक असतं, तिथले लोक असं लिहीत बसत नाहीत. मी दोन दिवस विचार केला आणि मग दादाला दवाखान्यात फोन करून चांगला झापला. "काय केलंस तू?" म्हणाला, "मी काय केलं?" मी म्हटलं, "तुझं तूच आठव." बिचाऱ्याने आठवून आठवून दोन-तीन गोष्टी कबूल केल्या. त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. तुझा वाढदिवस विसरला होता म्हणे! पण खरा मुद्दा काही निघाला नाही. एवढंच म्हणाला, "ती हल्ली जेवता जेवता मध्येच थांबते."

वहिनी, तो माझा भाऊ आहे म्हणून मी त्याची बाजू घेईन असं तुला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढ. लहानपणापासून मी त्याच्या विरुद्ध साक्ष देत आले आहे. काय झालंय ते लिही. भांडण असेल तर लिही, तब्येतीचं असेल तरी लिही.

मुलाखत चोवीस तारखेला. विभागप्रमुखबाईंनी समितीच्या अध्यक्षांना पायरीबद्दल आधीच सांगून ठेवलंय. पंप दुरुस्त झाला का?

ठकी


९ एप्रिल

प्रिय ठकू,

तुझ्या दादाने काहीही केलेलं नाही. परवा तो फुलं घेऊन आला आणि कशाबद्दल ते सांगेना. आता कळलं.

पंप बिघडला नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला सर परगावी गेले होते, तेव्हा मी आडवं क्षेत्र लावलं. तुझी पेन्सिलची टेकडी पडद्याला टेकवून ठेवली होती. क्षेत्र हळूहळू वाढवत गेले. सिग्नल विझेना. टेकडी नाही, उतार नाही, नुसती एक तिरकी रेघ आपली सरळ चढत गेली. वाटलं, तारा चुकीच्या जोडल्या. जोडण्या सोडून परत बांधल्या. तेच. मग नव्या पट्टीवर पहिल्या चुंबकाच्या जागी साधं सोनं लावलं. सोन्यातून आत गेलेल्या इलेक्ट्रॉनांची टोकं कशीही असतात, निम्मी वर, निम्मी खाली. दुसऱ्या चुंबकाला तपासायला काही उरतच नाही. तरी पायरी आली. तशीच, तेवढीच, ऐटीत.

ती स्पिनची पायरी नाही, ठकू. चुंबकाच्या कडेने थोडं क्षेत्र बाहेर सांडतं, ते खालच्या पट्टीतल्या भटक्या प्रवाहाला जरा बाजूला ढकलतं. चुंबक उलटलं, की ढकलण्याची दिशाही उलटते. व्होल्टेज उडी मारतं ते त्याने. दुसऱ्या टोकाला तुझा निरोप घेऊन कुणी पोचलेलंच नाही.

सर परतल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "सोन्याची पट्टी वेगळी. तिच्याबद्दल आपण लिहितच नाही आहोत. आपण लिहितोय, पायरी दिसली. दिसली ना?"

"दिसली. पण ती स्पिनची आहे असं आपल्या शीर्षकात आहे, सर."

"मग शीर्षकात 'बहुधा' घाला."

ते वाईट नाहीत. प्रयोगशाळा चालू ठेवायला त्यांनाही वर्षाकाठी काहीतरी दाखवावं लागतं. पण निबंध त्यांनी तसाच पाठवून दिला, त्यावर माझं नाव पहिलं आहे आणि "बहुधा"सुद्धा नाही.

तुला का नाही कळवलं? ठरवलं होतं, तुझी मुलाखत होऊन जाऊ दे. खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. आणि पहिल्याच पत्रात पंपाची थाप मारून बसले. तुझं पत्र आलं तेव्हा मला ते वाचवेना. तुझ्या दादाला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "म्हणजे मी सुटलो?" मी म्हटलं, "आत्ता सांगितलं तर तिची जागा जाईल." तो म्हणाला, "जाईल कदाचित. पण आत्ता सांगितलंस तर जागा जाईल, नंतर सांगितलंस तर तू जाशील. ठकीला मी ओळखतो."

दोन्ही आलेख सोबत आहेत, रेघेचा आणि सोन्याचा. निबंध मी मागे घेणार आहे. सरांना अजून बोललेले नाही. मुलाखतीत काय करायचं ते तू ठरव. तू पायरी दाखवलीस तरी मी तुला काही म्हणणार नाही.

वहिनी


२६ एप्रिल

वहिनी,

"ती." घातलेलं नाही, मुद्दाम.

मुलाखतीच्या आधी रोज तुला उत्तर लिहायला बसत होते आणि कागद फाडत होते. रागावले होते. अजून आहे. पायरी खोटी निघाली म्हणून नाही. पायऱ्या खोट्या निघतात, त्यासाठीच तर चाचण्या असतात. राग वेगळाच आहे. महिनाभर तू मला जपलंस. "तयारी नीट कर, वेळेवर जेवत जा." मी कोण, तापलेलं पोर? तुझ्या जागी कुठल्या तरी परक्या प्रयोगशाळेतली अनोळखी बाई असती, तर तिने मला दुसऱ्याच दिवशी कळवलं असतं. तू मला नणंद म्हणून सांभाळलंस. तुझ्या बरोबरीने काम करणारी म्हणून सांगितलं नाहीस. आणि त्या महिन्यात मी येईल-जाईल त्याला भिंतीपाशी नेऊन पायरी दाखवत होते.

झालं काय, ते ऐक.

लांबट खोली, टेबलापलीकडे पाच माणसं, कडेला विभागप्रमुखबाई. त्यांनी मला मानेनेच खुणावलं, दाखवा. मी पायरी दाखवली. अध्यक्ष पुढे वाकले. मग मी तुझी तिरकी रेघ दाखवली आणि मग सोन्याची पायरी. म्हटलं, "पहिली आकृती मी माझ्या सिद्धान्ताचा साक्षीदार म्हणून आणणार होते. साक्षीदार खोटा निघाला. ज्या बाईंनी तो शोधला, त्यांनीच तो खोटा आहे हेही शोधून काढलं." विभागप्रमुखबाई खिडकीकडे बघत होत्या.

टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "म्हणजे तुमचा सिद्धान्त चुकला?"

"नाही. तपासलाच गेला नाही."

"फरक काय?"

"चुकला असता तर निदान काल रात्री मला झोप लागली असती."

ते हसले. बाकी कुणी हसलं नाही. पुढचे प्रश्न बरे गेले, पण ते शाळेत शेवटच्या तासाला विचारतात तसे होते.

बाहेर आल्यावर बाईंनी एकच वाक्य म्हटलं, "हे मला आधी सांगायला हवं होतं." आणि मी तेच वाक्य मनात तुला म्हणत होते.

ठकी


१२ मे

प्रिय ठकू,

राग पोचला. तू लिहिलंस ते खरं आहे, अक्षरन् अक्षर. तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे आकृती भिंतीवरून काढताना तुझा चेहरा कसा होईल, तो मला बघायचा नव्हता. ती भीती माझी होती, काळजी तुझी नव्हती.

निबंध मागे घेतला. सरांच्या खोलीत उभी राहूनच सांगितलं, बसले असते तर बोलता आलं नसतं. ते म्हणाले, "तुमचं नाव काढून घ्या, आमची राहू देत." मी म्हटलं, "सर, मग मला संपादकांना सोन्याच्या पट्टीचा आलेख पाठवावा लागेल." त्यांनी पेन खाली ठेवलं. मागे घेण्याच्या पत्रावर सही केली, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. प्रयोगशाळेत सकाळी मी "नमस्कार सर" म्हणते आणि ते माझ्यामागच्या कपाटाला मान हलवतात.

आईंना सांगणं त्याहून अवघड होतं. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे भोवरा नव्हताच?" मी म्हटलं, "होता, पण तिथवर पोचला नाही." थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग खाली काय सांगू?" "खरं ते सांगा." गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, लाजून बसल्या कुठेतरी. तर परत येऊन म्हणतात, "सांगितलं. सुनेने स्वतःचीच चूक पकडली म्हटलं. शिंपीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे ती गिऱ्हाईक पकडतं, आणि तेही लग्नाच्या आदल्या दिवशी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठकीला कळवायला उशीर केलास, ते मात्र बरं नाही केलंस."

घरात एकमत झालंय. निकाल कळला की कळव. चांगला असो, वाईट असो, दुसऱ्याच दिवशी. मीही इथून पुढे तसंच करीन.

वहिनी


२२ जून

ती. वहिनी,

("ती." परत आलं आहे, बघ.)

जागा गेली. दुसऱ्या एकाला मिळाली, हुशार आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला काही सापडलं नाही. शोधलं होतं. काल पत्र आलं, आज तुला लिहितेय. ठरल्याप्रमाणे.

माझी मुदत महिनाअखेर संपते. एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालंय. पहिल्या वर्षाची मुलं, भिंगं, लंबक, बर्फाचा वितळणबिंदू. परवा नुसता वर्ग बघून आले, तर रडू आलं. पण ते घरी आल्यावर, आणि नंतर गरम चहा घेतला.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात टेबल आवरताना तू पाठवलेला पट्टीचा फोटो हाती लागला, तो सूक्ष्मदर्शकातला मोठा केलेला. इतके महिने मी त्यात फक्त चुंबकं बघत होते. या वेळी कडा बघितल्या. वहिनी, त्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या आहेत! तुझा दोष नाही, एवढ्या अरुंद पट्टीच्या कडा सगळ्यांच्याच तशा असतात. पण माझ्या आकडेमोडीत त्या मी सुरीने कापल्यासारख्या साफ धरल्या होत्या. खडबडीत कडेवर आपटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा भरकटतो. बोळ अरुंद आहे खरा, पण भिंतीच वाकड्यातिकड्या. खडबडीत कडा धरून सगळं परत केलं, ते आज पहाटे संपलं. स्पिन टिकतो, रुंद पट्टीपेक्षा जास्तच टिकतो, पण मी सांगत होते त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतक्या अंतरापर्यंत.

म्हणजे तुझी दोन चुंबकं होती, तिथवर काही पोचणारच नव्हतं. तू आणखी दहा वर्षं अचूक मोजलं असतंस तरी. अंतर मीच सांगितलं होतं तुला. एप्रिलमध्ये तुझ्यावर एवढी ओरडले, तेव्हा माझी स्वतःची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे अशी माझी खात्री होती.

चुंबकं जवळ आण. किती जवळ, ते सोबतच्या कागदावर आहे. सर बोलत नसतील तर त्यांच्या टेबलावर ठेव. बोलत नसले तरी वाचतील.

तुझी,
ठकी


३ डिसेंबर

प्रिय ठकू,

काल झालं, आज लिहितेय.

एवढी जवळ चुंबकं बसवणं किती कठीण असतं ते तुम्हा सिद्धान्तवाल्यांना काय कळणार! दोन रेघा एकमेकींना चिकटूनच जायच्या. पावसाळा त्यातच गेला. तुझा कागद सरांच्या टेबलावर ठेवला होता. आठवड्याने तो माझ्या टेबलावर परत आला, समासात त्यांच्या अक्षरात दोन प्रश्न. उत्तरं लिहून परत ठेवला. आमचं असं सगळं कागदावरच चाललं होतं, तुझ्यामाझ्यासारखं.

या वेळी आधी सोनं. पायरी नाही, रेघ सपाट. चुंबकांचा आकारही बदलला होता, क्षेत्र कमी सांडावं म्हणून. मग दोन्ही चुंबकं. पायरी आली, पण इतकी बारकी, की आधी मला गोंगाटच वाटला. जुन्या पायरीपुढे ही म्हणजे उंबरठासुद्धा नाही. आनंद झाला नाही. एकदा पोळलेय ना.

दुपारी आडवं क्षेत्र लावलं. क्षेत्र वाढवलं. थोडं. आणखी थोडं. रेघ वाकली. मग उतरायला लागली, क्षेत्र उलट दिशेने लावलं तर दुसऱ्या बाजूनेही उतरली, आणि जमिनीला टेकली.

मेला. ठकू, सिग्नल मेला!

एखादी गोष्ट मेली म्हणून मी अशी कधी रडले नव्हते. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं, वळून बघितलं तर सर. म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं, पुन्हा मेला. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. आम्ही दोघं ती टेकडी बघत बसलो. उठताना म्हणाले, "तुमच्या नणंदबाईंना कळवा. त्यांचं नाव तुमच्या शेजारी येईल."

ठिपके सोबत आहेत. तूच तपास.

तुझी,
वहिनी


१२ डिसेंबर

ती. वहिनी,

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत उघडलं, दोन तासांच्या मधल्या सुट्टीत. पुढचा तास लंबकाचा होता. मुलांना मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसणार, तेव्हा फिटंफाट.

घरी येऊन तुझे ठिपके माझ्या वक्रावर बसवले. टेकडी आहे. पण माझ्या टेकडीपेक्षा पसरट आहे, म्हणजे माझ्या नव्या हिशेबापेक्षाही टोकं लवकर भरकटताहेत. अजून काहीतरी आहे जे मी धरलेलं नाही. कदाचित चुंबकंच थोडा स्पिन गिळत असतील, कदाचित दुसरंच काही. मला किती बरं वाटलं, कसं सांगू! सगळं तंतोतंत जुळलं असतं, तर मला या वेळी संशयच आला असता.

आता दुसरी पट्टी कर. पहिल्यासारखीच, पण पहिल्यापासून. तिच्यावरही सोनं सपाट आलं, पायरी दिसली आणि आडव्या क्षेत्राने ती मेली, तर मग आपण शीर्षकाचा विचार करू. सुट्टी लागली की मी येतेच आहे. माझा बिछाना प्रयोगशाळेच्या जवळ घाल, दादाच्या घोरण्यापासून लांब. सरांना नमस्कार सांग. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं काय ठरलं तेही लिही.

तोवर कुणाला सांगायचं नाही, असं मी स्वतःला बजावलंय. आज इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "काय हो, आज एवढ्या खुशीत?" मी म्हटलं, "काही नाही, घरचं पत्र आलंय." ते खोटंही नव्हतं. पण वहिनी, आतून नुसतं उकळतंय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि जिला सांगावं असं एकच माणूस आहे, तिनेच तर मला हे कळवलंय. म्हणून तुलाच सांगते, तुला काही ठाऊकच नाही असं समजून ऐक:

अगं, पोचले. आपले इलेक्ट्रॉन पोचले.

ठकी